दिसेल असं दार

तुमच्याही घरी आलंय का हो ते चौकोनी खणांचं कपाट? कपाट तरी कसं म्हणायचं त्याला! ना दार, ना कडी, ना कुलूप. नुसते चौकोनावर चौकोन. दुकानातल्या चित्रात ते किती गोड दिसतं! एका खणात फुलदाणी, एका खणात तीनच पुस्तकं, एका खणात काहीच नाही. काहीच नाही असा खण ज्या घरात राहू शकतो त्या घरात माणसं राहतात की नाही, अशी मला शंका आहे.

आमच्याकडे ते पुण्याहून आलं. मुलाची बदली झाली, जागा बदलली आणि "आई, हे तुझ्याकडेच राहू दे" म्हणत त्याने ते टेम्पोतून रत्नागिरीला धाडलं. दोन खण रुंद, चार खण उंच. प्रत्येक खण आतून ३३ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने तेरा इंच. सासूबाईंच्या खोलीत भिंत मोकळी होती, तिथे ते उभं केलं आणि चार दिवसांत आठही खण भरले. पुढच्या पावसाळ्यात त्यातल्या एका खणाने आमच्या घरात जे रामायण घडवलं, ते सांगायला बसले आहे. आणि त्या निमित्ताने पारदर्शक दारं कशी करायची, कशी बसवायची, हेही. मी स्वतः केली आहेत, बरं का! सुताराने नव्हे.

त्याचं असं झालं. सासूबाईंची एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, जुन्या जमाखर्चाच्या वहीसारखी. त्यांच्या आईच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी लग्नाआधी त्यात उतरवून ठेवल्या. जातं गेलं, दळणारी गेली, वही राहिली. ती मी कौतुकाने वरून दुसऱ्या खणात ठेवली, त्यांना खुर्चीतून दिसेल अशी. आणि कोकणातला पाऊस! श्रावणात वही उचलली तर पाठीवर पांढुरकी बुरशी आणि कोपऱ्याची पानं कसरीने कुरतडलेली. मी तर रडकुंडीला आले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पदराने वही पुसली, धोतराच्या तुकड्यात गुंडाळली आणि आपल्या ट्रंकेत खाली घालून टाकली.

झालं, प्रश्न सुटला असं मला वाटलं. पण खरा प्रश्न तिथूनच सुरू झाला. सासूबाईंचं वय चौऱ्याऐंशी. अलीकडे त्यांना आठवत नाही. जुनं सगळं आठवतं, सकाळचं आठवत नाही. ट्रंकेचं झाकण पडलं की आतलं जगच पुसलं जातं. रोज दुपारी तीनच्या सुमाराला सुरू, "अगो, माझी वही कुणी नेली?" मी ट्रंक उघडून दाखवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा त्यांनी कामवाल्या बाईंवर आळ घेतला. त्या बाई आमच्याकडे बारा वर्षं येतात. त्यांनी भांडी तशीच टाकली आणि पिशवी उचलली. मी हात जोडून त्यांना परत बोलावलं. त्या आल्या, पण दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलल्या नाहीत.

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, विस्मरणाची सुरुवात आहे. औषध लिहून दिलं आणि वर एक साधी गोष्ट सांगितली. अशा माणसाला जे दिसतं तेच असतं. दाराआड गेलेली वस्तू त्यांच्या लेखी नाहीशी होते. म्हणून कपाटाची दारं काढून टाकावीत, पारदर्शक बसवावीत, नाहीतर आत काय आहे त्याचं चित्र दारावर चिकटवावं. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसं आहेत त्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. चष्मा, औषधाची डबी, रोजचं लुगडं, सगळं नजरेसमोर असलं की निम्मी शोधाशोध आणि निम्मे आळ वाचतात.

तेव्हा मला हवं होतं ते असं : पावसाला, धुळीला बंद आणि सासूबाईंच्या डोळ्यांना उघडं.

काच की अ‍ॅक्रिलिक?

आपल्या लहानपणी बैठकीच्या खोलीत शोकेस असायचं, आठवतं? आत जपानी बाहुली, शंख, कुणी तरी उटीहून आणलेली लाकडी गाडी आणि कधीही चहा न प्यायलेल्या कपबश्या. पुढे दोन सरकत्या काचा. मलाही आधी तेच सुचलं. पण सरकत्या काचेत एक खोट असते. कशीही सरकवा, अर्धा भाग कायम दोन काचांच्या आड. तेरा इंचांच्या खणात उघडायला उरणार सहा इंच! त्यात खालच्या खाचेत धूळ बसली की काच अडते आणि म्हाताऱ्या बोटांना ती हलत नाही.

मग बिजागरीचं काचेचं दार? साध्या काचेचं नाव मी काढलं नाही. फुटली की सुऱ्यांसारखे तुकडे होतात. टफन्ड काच फुटली तर तिचे बारीक, बोथट दाणे होतात, म्हणून ती बरी. पण ती एकदा भट्टीतून निघाली की पुन्हा कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. माप दोन मिलिमीटर चुकलं की दार वाया. शिवाय वजन! माझ्या दाराच्या मापाची चार मिलिमीटर जाडीची काच साधारण एक किलो भरते, तेवढंच अ‍ॅक्रिलिक अर्ध्या किलोपेक्षा थोडं कमी. या कपाटांच्या फळ्या म्हणजे काही सागवान नव्हे. त्यांना अर्धा किलोच पुरे.

अ‍ॅक्रिलिक म्हणजे ते पारदर्शक प्लॅस्टिक, ज्याच्या दुकानाच्या पाट्या आणि मानचिन्हं करतात. नावाच्या पाट्या बनवणाऱ्याकडे ते हमखास मिळतं. आजकाल त्यांच्याकडे लेसरचं मशीन असतं. कागदावर मिलिमीटरमध्ये आकृती काढून दिली की दार तर कापून मिळतंच, वर बिजागरीची भोकंही पाडून मिळतात आणि कडा चकचकीत, हात न कापणाऱ्या येतात. तीन मिलिमीटर घेऊ नका, वाकतं. चार घ्या. भाव चौरस फुटावर असतो आणि लहान तुकड्याला नेहमीच महाग पडतो. भिशीतल्या दोघी-तिघींनी मिळून आठ बाय चार फुटांची अखंड शीट घेतलीत तर माझ्या मापाची २१ दारं निघतात.

एक मात्र आताच सांगून ठेवते. यातल्या एखाद्या खणाचं देवघर करून त्याला असलं दार लावायचा मोह होतो. करू नका. अ‍ॅक्रिलिक उकळत्या पाण्याच्या उष्णतेला मऊ पडतं आणि ज्योत लागली की पेटतं. निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी यांच्याजवळ ते नकोच.

आधी पाठ, मग दार

मी उत्साहाने दारांच्या मापाला लागले तेव्हा आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "दार लावतेस ते ठीक, पण मागून उघडं आहे त्याचं काय?" मी वाकून पाहिलं तर खरंच! या कपाटांना बहुधा पाठच नसते. पुढून दार आणि मागून मोकळं रान. वर्षातून एकदा ह्यांचं म्हणणं बरोबर निघतं, ते त्या दिवशी निघालं.

तर आधी पाठ. पातळ प्लायवूडचा तुकडा खणाच्या मापाने कापून मागून बारीक खिळ्यांनी ठोकला. पण हवाबंद पेटी करायची नाही हं! बंद खणात दमट हवा कोंडली की बुरशी आणखी जोमाने येते. म्हणून पाठीला वर तीन, खाली तीन अशी भोकं पाडली आणि आतून डासांच्या जाळीचा तुकडा चिकटवला. कपाट भिंतीला टेकवून ठेवलं तर भिंतीची ओल थेट आत. दोन बोटं अंतर ठेवा. मात्र वरच्या बाजूने लोखंडी एल पट्टीने ते भिंतीला जखडून टाका. दारं लागली की कोणी ना कोणी दाराला धरून उभं राहणार, नातवंडं तर लोंबकळणारच. चार खण उंच कपाट भरलेलं असताना अंगावर आलं तर काय होईल ते मी लिहीत नाही.

माप

खण ३३ सेंटीमीटरचा म्हणून दार ३३ चं, हा हिशेब चुकीचा. अ‍ॅक्रिलिक उन्हाळ्यात फुगतं, पावसाळ्यातही थोडं वाढतं. जागा सोडली नाही तर मे महिन्यात दार अडकून बसेल. आणि कारखान्यातून आलेले खणसुद्धा सारखे नसतात. प्रत्येक खण वर, मध्ये आणि खाली मोजा, सर्वांत लहान आकडा धरा आणि चिकटपट्टीवर खणाचा नंबर लिहून लावा. आमचा पाचवा खण चौथ्यापेक्षा दोन मिलिमीटरने अरुंद निघाला!

दुसरी अडचण बिजागरीची. अशा काही कपाटांच्या फळ्या आतून पोकळ असतात. मधे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा कागद भरलेला असतो. बोटाच्या पेराने ठोकून पाहा, पोकळ आवाज येतो. तिथे स्क्रू धरत नाही. कडेला बहुधा भरीव असतं, पण 'बहुधा'वर दार लटकवू नये. मी काय केलं, खणाच्या आत उजव्या भिंतीला वीस मिलिमीटर रुंदीची लाकडी पट्टी वरपासून खालपर्यंत उभी लावली, पुढच्या कडेशी समतल. कपाटाचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यावर सुताराचा पांढरा गोंद टिकत नाही. तेवढी जागा पॉलिशपेपरने खरखरीत करून दोन नळ्या मिसळायचा इपॉक्सी गोंद लावला आणि रात्रभर दाबून ठेवलं. आता बिजागरी या पट्टीवर, कपाटाला धक्का नाही.

मग दाराचं माप असं आलं. रुंदी ३३० मिलिमीटर. त्यातून पट्टीचे २० गेले, बिजागरीच्या बाजूची फट ३, पलीकडची २. उरले ३०५. उंची ३३० मधून वरखाली दोन-दोन सोडून ३२६. हे माझ्या खणाचं गणित. तुमचा आकडा तुम्ही मोजा. आणि अ‍ॅक्रिलिक कापायला देण्यापूर्वी त्याच मापाचा पुठ्ठा कापून खणात धरून बघा. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा छान होतो. पुठ्ठ्याची चूक फुकट असते.

बिजागरी आणि माझी फजिती

बिजागऱ्या पितळी घ्या, नाहीतर स्टेनलेस. आमच्यासारख्या खाऱ्या हवेत लोखंडी बिजागरी एका पावसात तांबूस होते आणि तो गंज दारावर ओघळतो. लहान पण रुंद पात्याच्या घ्या, एका दाराला दोन. एक पातं पट्टीच्या दर्शनी बाजूवर स्क्रूने, दुसरं दाराच्या दर्शनी बाजूवर. दाराला मात्र स्क्रू नाही. आरपार भोक पाडून तीन मिलिमीटरचा बोल्ट, मागून वायसर आणि नट.

पहिल्या दाराची भोकं लेसरवाल्याकडून न पाडता मी घरीच पाडायला बसले. म्हटलं, त्यात काय! ड्रिल घेतलं, भिंतीला लावतो तसं जोरात दाबलं आणि फट्! कोपऱ्यातून बोटभर टवका उडाला. सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "फुटलं का गो?" मी म्हटलं, "हो आई, फुटलं." तर म्हणाल्या, "असू दे, गौरीच्या मागे लाव." त्यांच्या मनात अजून आमचा मखराचा आरसा होता, तीस वर्षांपूर्वी फुटलेला.

दुसऱ्या वेळी शहाणपण आलं. तुकड्याखाली सपाट लाकडी फळी ठेवायची, म्हणजे भोक पलीकडून फुटत नाही. भोकाच्या जागेवर चिकटपट्टी लावायची. ड्रिल अगदी हळू वेगाने, हात हलका, मधे मधे उचलून थंड होऊ द्यायचं. तापलं की प्लॅस्टिक वितळून टोकाला चिकटतं. बोल्ट तीनचा असला तरी भोक चारचं, म्हणजे दाराला फुगायला जागा राहते. भोकापासून काठापर्यंत निदान आठ मिलिमीटर सुटले पाहिजेत. आणि नट आवळताना शेवटचा जोर लावू नका. आपल्याला डब्याचं झाकण घट्ट लावायची सवय असते ना, तीच इथे नडते. दोन महिन्यांनी भोकाभोवती बारीक चिरा दिसू लागतात.

संरक्षक कागद दोन्ही बाजूंनी असतो, तो सगळं जागच्या जागी बसेपर्यंत काढू नका. मी एका दाराचा आधी काढला आणि माझ्या बांगडीचा ओरखडा त्यावर कायमचा राहिला.

दार मिटायला पलीकडच्या बाजूला एक लाकडी ठोकळा आणि त्यावर लोहचुंबकाचा कॅच. चुंबक कमी जोराचा घ्या. मी आधी दणकट आणला होता, सासूबाईंना ते दार ओढवेना. मुठीचंही तसंच. दुकानात नाजूक गोल मुठी मिळतात, पण ज्यांची बोटं संधिवाताने आखडली आहेत त्यांना गोल मूठ पकडता येत नाही. मी एक भोक पाडून त्यात इरकली खणाच्या कापडाची जाड पट्टी ओवली आणि तिचा फासा केला. बोट अडकवायचं आणि ओढायचं. खणाला खण, असं म्हणून धाकटी जाऊ हसली. आता तिलाही तिच्या घरी तसाच हवा आहे.

पुसायचं कसं, कसं नाही

आपली काच पुसायची पद्धत म्हणजे वर्तमानपत्राचा बोळा. इथे तो चालणार नाही, ओरखडे पडतात. काचेवर मारायचे अमोनियाचे फवारे नकोत, स्पिरिट तर नकोच नको. त्यांनी अ‍ॅक्रिलिकवर केसासारख्या चिरा उमटतात. कोरड्या फडक्याने घासलं तर त्यात वीज भरते आणि खोलीतली सगळी धूळ दाराला येऊन चिकटते. कोमट पाण्यात थोडा साबण, मऊ सुती फडकं, ओलं पुसून मग टिपून घ्यायचं. धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर याला फार चांगलं.

आणि कपाट खिडकीसमोर नको. दारात खिडकीचं प्रतिबिंब पडतं, आतलं काही दिसत नाही. मग केलं काय आपण! शिवाय पारदर्शक दारातून ऊन सरळ आत जातं. रेशमी कापड, फोटो, जुनी शाई, सगळं फिकं पडतं. मी कपाट बाजूच्या भिंतीला सरकवलं.

खरं सांगायचं तर दाराने कसर थांबत नाही. ती केसाएवढ्या फटीतून येते, तिला ओल आणि पुस्तकाची खळ आवडते. खणात वेखंडाच्या कांड्या ठेवल्या आहेत, सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की दार उघडं टाकून वही सावलीत पंख्याखाली पानं सुटी करून ठेवते. बुरशी आधी कोरडी होऊ दिली, मग अंगणात नाकाला रुमाल बांधून मऊ ब्रशने झटकली. कुरतडलेली पानं परत येणार नाहीत. पण प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला आहे. वहीपेक्षा हे आधी करायला हवं होतं, असं आता वाटतं.

पहिलं दार बसलं त्या दिवशी वही आत उभी ठेवली, लाल पाठ पुढे. सासूबाईंनी खुर्चीतून बराच वेळ पाहिलं. काही म्हणाल्या नाहीत. दुपारचे तीन वाजले, साडेतीन वाजले, मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी. कुणीच काही विचारलं नाही. चार वाजता बाहेर येऊन पाहते तो त्या खणापाशी उभ्या, फाशात बोट अडकवून दार उघडत होत्या आणि मिटत होत्या. कामवाल्या बाई केर काढत होत्या. त्यांना म्हणाल्या, "ही माझी वही. बघितलीस? इथे असते."

सगळंच गोड झालं असं नाही. पारदर्शक दार म्हणजे पसारा लपवायची सोय गेली. तिथे काही कोंबून दार लोटता येत नाही. म्हणून खालचे दोन खण मी बिनदाराचेच ठेवले आहेत, त्यांत टोपल्या घालून सगळा गोंधळ टोपल्यांत. आणि गेल्या आठवड्यात वहीच्या मागे बिस्किटाचा अर्धा पुडा सापडला, मुंग्यांच्या रांगेसकट. आता सकाळी दूध तापवायला ठेवलं की त्या खणावर एक नजर टाकते.

पाच दारं झाली. सहावं कापून आलंय, संरक्षक कागदासकट पलंगाखाली आहे. तो खण माझा. त्यात काय ठेवायचं ते अजून ठरत नाही. ह्यांनी विचारलं तेव्हा म्हटलं, आधी दार तर लागू दे.